पहिल्या सेक्टरचा उतारा

गेल्या श्रावणात एक बाई माझ्याकडे आल्या. पिशवीत जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक सीडी. त्यांच्या वडिलांचा कवितासंग्रह २००१ साली मीच लावला होता. वडील गेले, प्रकाशन बंद पडलं, घरात एकच प्रत उरली आणि तिलाही वाळवी लागली. नवी आवृत्ती काढायची म्हणून बाई ती सीडी घेऊन तीन ठिकाणी हिंडल्या होत्या. "ताई, फाइलच उघडत नाही म्हणतात. एकानं कशीबशी उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. त्यातलं मराठी गेलं कुठे?"

मराठी कुठेच गेलं नव्हतं. त्या काळात आम्ही डीटीपीवाले, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावणारे, जे मराठी टाइप करत होतो, ते संगणकाच्या लेखी मराठी नव्हतंच. फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांचे आकडे साठवलेले असायचे आणि फाँट त्या आकड्यांवर मराठी अक्षरांचे आकार चढवायचा. काना एका कळीवर, वेलांटी दुसरीवर, रफार तिसरीवर. तो फाँट आणि ते सॉफ्टवेअर जिथे नाही, तिथे आतले इंग्रजी आकडे उघडे पडतात. त्यात आमच्या मराठी सॉफ्टवेअरला 'लॉक' असायचं, संगणकाला जोडायचा एक छोटा ठोकळा. आधी ते प्रिंटरच्या पोर्टला लागायचं, पुढे यूएसबीला. लॉक लावलं नाही तर फाँट उमटत नसे, आणि नव्या विंडोजला ते लॉक ओळखूच येत नाही.

मी कपाटातून २००८ सालचा लॅपटॉप काढला, चार्जर जोडला आणि बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत तीन ओळी आल्या आणि खाली दहापासून उलटे आकडे सुरू झाले. पहिली ओळ उबुंटू या लिनक्सची, दुसरी उबुंटूच्या दुरुस्तीची, तिसरी विंडोज एक्सपीची. बाणाची कळ दाबत तिसरीवर गेले आणि एंटर दाबलं. लॉक लावलं, पानं लावायचा पेजमेकर उघडला, सीडीवरची फाइल घेतली. चौदाव्या पानावरची कविता जशीच्या तशी समोर आली. बाई वाकून वाचत होत्या. मग पडद्याला बोट लावून म्हणाल्या, "इथं पहिली वेलांटी हवी होती. बाबांनी घरच्या प्रतीत पेनानं दुरुस्त केली आहे."

एकाच यंत्रावर दोन ऑपरेटिंग सिस्टीम ठेवायच्या आणि चालू करताना हवी ती निवडायची, याला ड्युअल बूट म्हणतात. कॉलेजातली मुलं हौसेनं करतात ती गोष्ट, असा समज आहे. माझ्या धंद्यात ती वीस वर्षांच्या मराठी मजकुराची किल्ली आहे. ही सोय आली कुठून, टिकवली कोणी आणि ती कोणाच्या आड येत होती, हे मला सांगायचं आहे.

आयबीएमनं आपला पर्सनल कॉम्प्युटर १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर केला, तेव्हा त्याच्यावर एकच ऑपरेटिंग सिस्टीम चालेल असं काही ठरलेलं नव्हतं. मायक्रोसॉफ्टकडून घेतलेली पीसी-डॉस होती, डिजिटल रिसर्चची सीपी/एम-८६ होती आणि यूसीएसडी पी-सिस्टीमही होती. गिऱ्हाइकानं हवी ती घ्यावी. प्रत्यक्षात डॉस ४० डॉलरला मिळत होती आणि सीपी/एम-८६ काही महिन्यांनी आली ती २४० डॉलरला, तेव्हा बहुतेकांनी काय निवडलं ते उघड आहे. पण तत्त्वानं निवड होती, आणि ती करणं सोपं होतं. यंत्रात हार्ड डिस्क नव्हती. ज्या सिस्टीमची फ्लॉपी घालाल ती सिस्टीम चालू.

अडचण आली मार्च १९८३मध्ये, पीसी-एक्सटी आला तेव्हा. त्याच्यात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क बसवलेली होती. फ्लॉपी बदलावी तशी ही काढून दुसरी घालता येत नाही. मग दोन सिस्टीम हव्या असतील त्यानं काय करायचं? या प्रश्नाचं उत्तर पीसी-डॉस २.० बरोबर आलं, आणि ते डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये, म्हणजे पहिल्या कप्प्यात, लिहिलेलं असे.

तो सेक्टर ५१२ बाइटांचा. त्यातल्या ४४६ बाइटांत एक छोटा प्रोग्रॅम. शेवटच्या दोन बाइटांत ठरावीक खूण, ती नसेल तर यंत्र पुढे जात नाही. आणि मधल्या ६४ बाइटांत चार नोंदी, प्रत्येकी १६ बाइटांची: ही वाटणी कुठे सुरू होते, कुठे संपते, कोणत्या प्रकारची आहे आणि चालू करताना हिच्याकडे जायचं की नाही.

माझे वडील तहसील कचेरीत कारकून होते. घरी जेवताना गट नंबर, भोगवटादार, फेरफार हेच शब्द कानावर पडायचे. चार नोंदींचं हे पार्टिशन टेबल पहिल्यांदा उघडून पाहिलं तेव्हा मला ते लगेच ओळखीचं वाटलं. हा डिस्कचा सातबारा आहे. जमीन तीच, वर किती जणांचा कब्जा आहे आणि हद्दी कुठून कुठे आहेत ते या उताऱ्यात.

चारच नोंदी का, हा प्रश्न महत्त्वाचा. आयबीएमच्या कागदपत्रांत हेतू स्पष्ट होता: एका डिस्कवर वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टीम नांदाव्यात. १० मेगाबाइटच्या डिस्कवर चार सिस्टीम म्हणजे भरपूर झाल्या. म्हणजे एका यंत्रावर अनेक सिस्टीम ही नंतर कोणी चोरवाटेनं काढलेली युक्ती नाही. पीसीतल्या हार्ड डिस्कच्या पहिल्या दिवसापासून तिची जागा उताऱ्यावर राखलेली आहे. पुढे जे झालं ते असं की एका भोगवटादारानं चारही नोंदींची जमीन एकट्याची असल्यासारखी वापरायला सुरुवात केली आणि लोकांना तेच स्वाभाविक वाटू लागलं.

१९९२ साली आयबीएमनं ओएस/२ च्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर 'बूट मॅनेजर' दिला. चालू करताना यादी दाखवायची आणि निवडलेल्या सिस्टीमकडे सोपवायचं, एवढंच त्याचं काम. ते काम तो चांगलं करायचा, पण ओएस/२ आपल्याकडच्या टेबलांवर फारशी आलीच नाही. खरी निकड निर्माण झाली ती लिनक्समुळे.

हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरव्हाल्ड्सनं जानेवारी १९९१मध्ये ३८६ प्रोसेसरचा पीसी घेतला, त्याच्यावर मिनिक्स ही शिकवण्यासाठी लिहिलेली सिस्टीम टाकली, आणि २५ ऑगस्टला आपण नवी सिस्टीम लिहीत आहोत असं जाहीर केलं. लिनक्स जन्मली तीच दुसऱ्याच्या घरात पोटभाडेकरू म्हणून. जगभरात ज्यांनी ती वापरून पाहिली, त्यांच्या डिस्कवर आधी डॉस होतीच. डॉस काढून टाकून ही नवी, अपुरी सिस्टीम कोण घेणार? दोन्ही ठेवायच्या तर दारात उभं राहून विचारणारा कोणीतरी हवा. ते काम वेर्नर आल्म्सबर्गर यांनी लिहिलेल्या 'लिलो'नं केलं. लिनक्स लोडर, म्हणून लिलो.

लिलोची आणि माझी गाठ २००० साली पडली. माझा भाचा इंजिनिअरिंगला होता. एका रविवारी तो 'पीसी क्वेस्ट' मासिकाबरोबर आलेली लिनक्सची सीडी घेऊन आला. त्या मासिकाचे आभार मानायलाच हवेत. १९९६पासून त्यांनी लिनक्सच्या सीड्या वाचकांना द्यायला सुरुवात केली. इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून मिनिटांच्या हिशेबानं मिळण्याच्या काळात शेकडो मेगाबाइट कोण उतरवून घेणार? त्या उपक्रमामागे अतुल चिटणीस होते. भारतातल्या एका पिढीला लिनक्स हाताळायला मिळाली त्यात त्यांचा वाटा मोठा आहे. ते ३ जून २०१३ रोजी गेले.

"मावशी, तुझ्या मशीनवर टाकू?" भाच्यानं विचारलं. त्या मशीनवर दोन दिवाळी अंकांची पानं होती. मी म्हटलं, "टाक, पण माझी पानं हलली तर तुला दारात उभा करणार नाही." त्यानं आधी डीफ्रॅग चालवून सगळा मजकूर डिस्कच्या एका टोकाला गोळा केला. मग 'फिप्स' नावाच्या छोट्या प्रोग्रॅमनं विंडोज ९८च्या वाटणीची हद्द मागे सरकवली आणि मोकळ्या झालेल्या जागेत लिनक्स टाकली. चार तास गेले. पुन्हा चालू केलं. काळ्या पडद्यावर दोन अक्षरं उमटली, एल आणि आय. पुढे काही नाही.

मला घाम फुटला. भाच्यानं मात्र त्या दोन अक्षरांचा अर्थ सांगितला, तो मी आजवर विसरले नाही. लिलो आपलं नाव एकदम लिहीत नाही. एकेक टप्पा पार पडला की एकेक अक्षर लिहितो. एल म्हणजे पहिला टप्पा सुरू झाला. आय म्हणजे दुसरा टप्पा डिस्कवरून उचलला. दुसरा एल म्हणजे तो टप्पा चालू झाला. शेवटचा ओ आला की सगळं ठीक. चौथ्या अक्षरापर्यंत पोहोचला नाही तर तो कुठे अडला ते राहिलेल्या अक्षरांवरून कळतं. ४४६ बाइटांत चूक सांगणारा संदेश लिहायलाही जागा नाही, म्हणून नावाच्या अक्षरांनाच त्यानं कामाला लावलं. इतक्या काटकसरीनं केलेलं आणि तरी माणसाला नीट माहिती देणारं काम मी फार थोडं पाहिलं आहे.

आमचं घोडं अडलं होतं डिस्कच्या मापाशी. जुने बायोस, म्हणजे यंत्र चालू होताना सर्वांत आधी चालणारे प्रोग्रॅम, डिस्कचे पहिले १०२४ सिलिंडर तेवढेच मोजू शकत, म्हणजे साधारण ८.४ गिगाबाइट. आमची डिस्क त्याहून मोठी, आणि लिनक्स गेली होती तिच्या पलीकडच्या टोकाला. भाच्यानं विंडोज ९८च्या स्टार्टअप फ्लॉपीवरून पहिला सेक्टर पूर्ववत केला, माझी पानं मला दाखवली, आणि पुढच्या रविवारी येऊन डिस्कच्या सुरुवातीला १६ मेगाबाइटची एक वाटणी फक्त लिलोच्या सामानासाठी काढली. त्या दिवशी चारही अक्षरं आली.

तेव्हापासून मी एक वही ठेवली. कोणत्याही डिस्कला हात लावण्याआधी तिच्या पार्टिशन टेबलातले आकडे वहीत उतरवून घ्यायचे. वडील म्हणायचे, फेरफार होण्याआधी जुना उतारा घरात ठेव. २००५ साली त्या वहीचं चीज झालं. नवीन लिनक्स टाकण्यासाठी जागा करताना मी एफडिस्क या वाटण्या करायच्या प्रोग्रॅममध्ये चुकीचा क्रमांक दिला आणि ज्या वाटणीत तीन वर्षांचे दिवाळी अंक होते तीच पुसली. लिहून टाकल्यावर लक्षात आलं. रात्रीचे अकरा वाजले होते. मी काहीही फॉरमॅट न करता वही उघडली. नवीन वाटणी, तिसऱ्या क्रमांकावर, सुरुवातीचा सिलिंडर वहीत होता तो, शेवटचाही वहीत होता तो, प्रकार फॅट३२. लिहून बाहेर पडले आणि यंत्र पुन्हा चालू केलं. सगळे अंक जागेवर होते. उतारा पुसला म्हणून जमीन नाहीशी होत नाही. हद्दी माहीत असतील तर नोंद परत करता येते.

याच सुमाराला लिलोची जागा 'ग्रब' घेत होता. एरिक बोलेन यांनी १९९५ साली ग्नू प्रकल्पाच्या 'हर्ड' या सिस्टीमसाठी तो लिहायला घेतला. लिलोला फाइली वाचता येत नव्हत्या. तो डिस्कवरच्या जागांचे नुसते पत्ते लक्षात ठेवायचा, आणि लिनक्सचा गाभा बदलला की पत्ते पुन्हा लिहून घ्यावे लागत. ते विसरलं की यंत्र चालू होत नसे. ग्रब फाइलींची मांडणी स्वतः वाचतो. माझ्या कपाटातल्या लॅपटॉपवर दिसते ती तीन ओळींची यादी ग्रबचीच.

आता ज्या गोष्टीचा मला अजून राग येतो ती सांगते. विंडोज नव्यानं टाकली की तिचा इन्स्टॉलर पहिल्या सेक्टरवर आपला प्रोग्रॅम लिहायचा, आधी तिथे काय आहे ते न विचारता. लिनक्स डिस्कवर जागच्या जागी असायची, पण तिच्याकडे जाणारं दार नाहीसं व्हायचं. म्हणून सगळीकडे एकच रिवाज पडला: आधी विंडोज, मग लिनक्स. उशिरा येणाऱ्यानं आधीच्याला ओळखायचं, आधीच्यानं मात्र नंतर परत येऊन दार बंद केलं तरी चालेल. विंडोज एनटीपासून मायक्रोसॉफ्टची स्वतःची निवड-यादी होती, तिच्यात जुनी विंडोज आणि डॉस यांना जागा मिळायची. म्हणजे यादी कशी करावी हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. घराबाहेरच्यांची नावं तिच्यात आपोआप येत नसत, एवढंच.

पण सेक्टर पुसणं त्या मानानं लहान गोष्ट. मोठी गोष्ट घडली बी-ओएसच्या बाबतीत. ॲपलमधून बाहेर पडलेल्या झाँ-लुई गॅसे यांच्या 'बी' कंपनीनं ही सिस्टीम केली होती. चित्र-ध्वनीच्या कामात ती फार चपळ होती. विंडोज असलेल्या यंत्रावरच आपली सिस्टीमही बसवून विकावी, गिऱ्हाइकानं चालू करताना निवडावं, अशी विनंती बीनं संगणक बनवणाऱ्यांना केली आणि त्यासाठी सिस्टीम फुकट देऊ केली. जपानमध्ये हिताची तयार झाली. तिच्या फ्लोरा प्रियस यंत्रांच्या डिस्कवर विंडोजबरोबर बी-ओएस भरून आली. निवडीची यादी मात्र आली नाही. यंत्र चालू केलं की सरळ विंडोज. आपल्याच डिस्कवर दुसरी सिस्टीम आहे हे गिऱ्हाइकाला दिसतच नव्हतं. ती जागी करायची तर आधी फ्लॉपी तयार करून पुढच्या पायऱ्या स्वतः कराव्या लागत. विंडोजच्या परवान्याच्या अटींमुळे उत्पादकांना यादी दाखवता येत नाही, असा आरोप ठेवून बीनं फेब्रुवारी २००२मध्ये मायक्रोसॉफ्टवर दावा लावला. तोवर कंपनीची मालमत्ता पाम कंपनीला विकली गेली होती. सप्टेंबर २००३मध्ये तडजोड झाली. मायक्रोसॉफ्टनं २ कोटी ३२ लाख ५० हजार डॉलर दिले आणि चूक कबूल केली नाही.

ज्या दहा सेकंदांच्या यादीकडे आपण लक्षही देत नाही, तिच्याभोवती एवढं सगळं घडलं आहे. मालकानं पैसे मोजून घेतलेल्या यंत्रावर चालू करताना काय दिसावं, याचा करार मालकाला न विचारता झाला होता. माझ्या मते या इतिहासातली सर्वांत वाईट गोष्ट हीच, आणि ती कोर्टात सिद्ध होण्याआधी पैशांनी मिटली ही दुसरी.

यादी वाचवली ती गिऱ्हाइकांनीच. २००४च्या ऑक्टोबरमध्ये उबुंटूची पहिली आवृत्ती आली आणि मागेल त्याला पोस्टानं फुकट सीड्या घरपोच मिळू लागल्या. मीही मागवल्या होत्या. पुण्यात लिनक्स वापरणाऱ्यांचा गट होता, सिंबायोसिसमध्ये 'ग्नूनिफाय' भरायचं, तिथे मुलं एकमेकांच्या लॅपटॉपवर सिस्टीम टाकून द्यायची. एप्रिल २००६मध्ये ॲपलनं स्वतःच 'बूट कॅम्प' काढून इंटेलच्या मॅकवर विंडोज चालवायची सोय दिली, तेव्हा ही गोष्ट उपद्व्यापी लोकांची आहे असं म्हणायची सोय राहिली नाही.

माझा २००८चा लॅपटॉप व्हिस्टासह आला. मराठीचं लॉक व्हिस्टावर चालेना, म्हणून एक्सपी टाकायला बसले तर निळा पडदा. एक्सपीला त्या लॅपटॉपची साटा या नव्या पद्धतीची डिस्क दिसत नव्हती. बायोसमध्ये जाऊन डिस्कची पद्धत जुन्या आयडीईसारखी केली तेव्हा ती दिसली. मग पाहिलं तर उत्पादकानंच रिकव्हरी आणि स्वतःच्या साधनांसाठी नोंदी अडवून ठेवलेल्या. चारातली एकच मोकळी होती. तिला एक्सटेंडेड करून तिच्या पोटात उबुंटूला जागा दिली.

दोन सिस्टीम नांदू लागल्यावर घड्याळाचं कोडं सुरू झालं. उबुंटूतून एक्सपीत गेले की वेळ साडेपाच तास मागे. तिथे दुरुस्त करून परत आले की उबुंटूत साडेपाच तास पुढे. लॅपटॉपच्या आतल्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ ठेवते आणि लिनक्स ग्रीनिचची जागतिक वेळ ठेवते. दोघी एकाच घड्याळाकडे बघून वेगळं बोलतात. फरक नेमका साडेपाच तासांचा दिसला की समजावं, हे आपल्याकडच्या ड्युअल बूटचं लक्षण आहे. उबुंटूला स्थानिक वेळ पाळायला सांगितलं आणि कोडं सुटलं.

मग कामाची विभागणी आपोआप झाली. जुनी पुस्तकं आणि अजूनही जुन्या फाँटमध्ये मजकूर मागणारे प्रकाशक एक्सपीत. नवीन सगळं उबुंटूत, युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या लेखीही मराठी असलेल्या मराठीत, इनस्क्रिप्टच्या कळपाटावर. विंडोजमध्ये युनिकोड मराठी दिसू लागलं ते विंडोज २०००पासून, 'मंगल' फाँटमुळे. तो काढला होता सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी. लिनक्सवर 'लोहित' होता. दोन्हींच्या मधल्या मजकुरासाठी एक फॅट३२ वाटणी, जी दोघींना वाचता येते. एक्सपीतला मजकूर तिथे ठेवायचा, उबुंटूत येऊन कन्व्हर्टरनं युनिकोड करायचा आणि ओळीन् ओळ ताडून पाहायची.

ताडून पाहावंच लागतं. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, कारण डोळ्यांना ती आधी दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते, कारण उच्चार नंतर होतो. जोडाक्षर आलं की कन्व्हर्टरला ती नेमकी कुठे हलवायची ते कधीकधी कळत नाही. रफाराचंही तसंच. कवितेत एक वेलांटी हलली तर मात्रा हलते.

पुढे दार आणखी अरुंद झालं. बायोसच्या जागी यूईएफआय आलं, चार नोंदींच्या उताऱ्याच्या जागी जीपीटी आलं. त्यात १२८ नोंदी मावतात आणि त्याची एक प्रत डिस्कच्या शेवटी राखलेली असते. हे चांगलं झालं. पण ऑक्टोबर २०१२मध्ये विंडोज ८ बरोबर सिक्युअर बूट आलं, म्हणजे सही असलेलाच प्रोग्रॅम चालू होणार, आणि सहीची किल्ली मायक्रोसॉफ्टकडे. मॅथ्यू गॅरेट यांनी 'शिम' हा छोटा प्रोग्रॅम लिहिला, त्यावर मायक्रोसॉफ्टची सही घेतली, आणि त्याच्या आडून लिनक्स चालू होऊ लागली. विषाणूंना पहिल्या टप्प्यावरच अडवायचं हा सिक्युअर बूटचा हेतू खरा आहे, मी तो नाकारत नाही. तरी ऑगस्ट २०२४मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा-अपडेटनं कित्येकांच्या यंत्रांवरची लिनक्स चालू होणंच बंद केलं. दोन सिस्टीम असलेल्या यंत्रांना तो अपडेट लागू होणार नाही असं आधी सांगितलेलं होतं. किल्ली दुसऱ्याच्या हातात असली की असं होतं.

आज नवीन लॅपटॉपवर एक्सपी बसत नाही. जुन्या पद्धतीनं चालू होण्याची सोयच त्यांच्यातून काढली आहे. म्हणून कपाटातला तो २००८चा लॅपटॉप मी जपते. बॅटरी केव्हाच गेली, डिस्क एकदा बदलली. बदलताना सेक्टरन् सेक्टर उतरवून घेतला, पहिल्या ५१२ बाइटांसह.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा ठरलेला आधार संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि बरेचसे जुने प्रोसेसर ती घेत नाही, त्यामुळे चांगले चालणारे लॅपटॉप भंगारात निघू लागले आहेत. माझ्या दारावरूनही जातात. त्यांच्यापैकी पुष्कळ डीटीपीवाल्यांचे, लहान प्रकाशकांचे, गावोगावच्या मासिकांचे आहेत. माझी त्या सगळ्यांना विनंती आहे. यंत्र विकण्याआधी जुनी फाइल एकदा त्याच्याच फाँटमध्ये उघडून पाहा, मजकूर युनिकोडमध्ये काढून घ्या आणि वाचून ताडा. लॅपटॉप धडधाकट असेल तर विकू नका. डेटाची प्रत बाहेर काढा, बिटलॉकरनं डिस्क कुलूपबंद असेल तर त्याची किल्ली कागदावर लिहा, विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा, तिची वाटणी विंडोजमधूनच लहान करा आणि राहिलेल्या जागेत लिनक्स टाका. आधी पार्टिशनचे आकडे वहीत उतरवा.

आणि ज्यांच्याकडे नुसतीच सीडी उरली आहे, यंत्र नाही, त्यांनी ती घेऊन माझ्याकडे यावं. घरात ते लॉक कुठे सापडलं तर तेही आणा.